कोकमाची बी, मुठेल आणि पपईचं एन्झाइम: स्किनकेअरचा धंदा नेमका कुठून सुरू करायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मालवणच्या मुठेलाबद्दल बोललो. व्हिडिओत आकडेमोड नीट दाखवता येत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे एक हिशोब आहे आणि तो तुम्हाला स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा करायचा आहे.

सध्या मोठ्या शहरांतल्या क्रीमच्या डब्यांवर दोन शब्द खूप दिसतात. एक ‘अपसायकल्ड’, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी धंद्यात जे फेकलं जातं त्यातून काढलेला घटक. दुसरा ‘एन्झाइम’. हे दोन शब्द ऐकून बऱ्याच जणांचा, विशेषतः बचत गटातल्या ताईंचा प्रश्न येतो: सर, आमच्याकडे कोकमाच्या बिया फुकट पडतात, पपई परसात आहे, मग आम्ही का नाही करायचं? करायचं की! पण या दोन गोष्टींचा धंदा एकसारखा नाही. एक गोष्ट तुम्हाला आजपासून जमेल. दुसरीत घाई केलीत तर कुणाचा तरी चेहरा जळेल आणि तुमचं नाव जाईल.

मुठेल हे जुनंच अपसायकलिंग आहे

सिंधुदुर्गात एप्रिल-मे महिन्यात रातांबे उतरतात. साल काढून सोलं करायची, रसाचं आगळ करायचं, साखरेत मुरवून अमृत कोकम करायचं. एका फळात साधारण 5 ते 8 बिया असतात, त्या मागे उरतात. आपल्या आज्या या बिया टाकत नव्हत्या. धुवून, कडक वाळवून ठेवायच्या. मग सवड मिळाली की टरफल काढून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं आणि ते थिजत आलं की मुठीत दाबून गोळा करायचा. म्हणून ते मुठेल. गोव्याकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की चुलीजवळ गोळा जरा गरम करायचा आणि चोळायचा. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्याच वस्तूला बाजारात ‘कोकम बटर’ म्हणतात. ते चालतं का, तर त्याला कारण आहे. कोकमाच्या बीमध्ये साधारण 23 ते 26 टक्के तेल असतं आणि त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण खूप, म्हणून ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं. वितळतं साधारण 40 अंशांच्या आसपास. खोबरेल 24 अंशांना वितळतं. म्हणजे मे महिन्यात मालवणच्या एसटी स्टँडवर खोबरेलाचा बाम डबीत पाणी होऊन बसेल, पण मुठेल घातलेला बाम आकार धरून ठेवील. शिवाय हे तेल लवकर खवट होत नाही. युरोपमध्ये चॉकलेटात कोको बटरच्या जोडीला जी सहा वनस्पती तेलं वापरायला कायद्याने परवानगी आहे, त्यात एक कोकम आहे आणि एक आंब्याच्या कोयीचं तेल आहे. तेव्हा ज्याला आपण ‘कचरा’ म्हणतो त्याला गिऱ्हाईक आधीपासून आहे, आणि ते गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा मोठं आहे. हे डोक्यात ठेवा.

(कोयीचं विचाराल तर: आंब्याच्या कॅनिंगमधून कोयी ढिगाने मिळतात, पण तेल कोकमाच्या मानाने फार कमी निघतं आणि कोय फोडणं जिकिरीचं. पहिल्या वर्षी त्यात पडू नका. मासळीच्या खवल्यांतून कोलॅजन निघतं हेही खरं, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे, परसातलं नाही.)

पहिलं एन्झाइम जे तुम्हाला ओळखायचं आहे, ते बीच्या आतच आहे

एन्झाइम म्हणजे एखादी मोठी रासायनिक गोष्ट तोडणारी कात्री. प्रत्येक जिवंत बीमध्ये लायपेझ नावाची कात्री असते. बी रुजताना साठवलेलं तेल तोडून कोंबाला खायला देणं हे तिचं काम. बी ओली राहिली, ढीग करून ठेवली, पोत्यात कोंडली, की ही कात्री आतल्या आत चालू होते. वरून बुरशी येते, तिची कात्री वेगळी. तेल तुटून त्यातली आम्लं मोकळी होतात, मुठेल पिवळट-करडं पडतं, वास येतो. असं मुठेल तुम्ही कितीही गाळा, चांगला खरेदीदार ‘ॲसिड व्हॅल्यू’ची चाचणी करून माल परत पाठवतो.

म्हणून ‘कचऱ्या’चा ‘कच्चा माल’ होतो तो पहिल्या दोन दिवसांत. आगळ गाळून झालं की बिया त्याच दिवशी भरपूर पाण्यात धुवायच्या. मिठाच्या रसातल्या असतील तर दोन-तीन पाण्यांनी, कारण मीठ राहिलं तर बी हवेतली ओल ओढते. मग एका थरात पसरून, जमिनीवर नाही तर जाळीवर किंवा ताडपत्रीवर, कडक वाळवायच्या. आणि मान्सूनच्या आधी. जूनच्या पहिल्या सरीत भिजलेली बी मी विकत घेऊ नका म्हणतो. ती फुकट मिळाली तरी महाग पडते.

तुम्ही दुसऱ्याकडून बिया घेणार असाल, तर त्या घरात आगळ करतानाच जाऊन सांगून या आणि किलोमागे दोन पैसे जास्त द्या, पण धुवून वाळवलेलीच घ्या. अपसायकलिंगच्या धंद्यात पुरवठादाराला ‘तुमचा कचरा उचलतो, उपकार करतो’ असं वागवलंत की तो कचराच देतो.

आता हिशोब

खालचे सगळे दर समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घाला.

समजा 100 किलो वाळलेली बी, 40 रुपये किलोने 4,000 रुपये. फोडणं, कुटणं, उकळणं, गाळणं याला दोन माणसं चार दिवस, 500 रुपये रोजाने 4,000. सरपण आणि वाहतूक 1,000. एकूण 9,000. घरगुती पद्धतीत सगळं तेल हाती लागत नाही, म्हणून 15 किलो मुठेल धरू. किलोला 600 रुपये पडले.

याचा 20 ग्रॅमचा पायांचा बाम करू: 6 ग्रॅम मुठेल, 10 ग्रॅम खोबरेल, 4 ग्रॅम मधमाशीचं मेण. मुठेल 3.60 रुपये. खोबरेल 400 रुपये किलोने 4 रुपये. मेण 800 रुपये किलोने 3.20. मालाचा खर्च झाला 10.80. डबी, लेबल, खोका 22 रुपये. भरणावळ 8 रुपये. आतापर्यंत 40.80. बघा, ज्या मुठेलाची एवढी गोष्ट सांगितली त्याचा वाटा चार रुपयेसुद्धा नाही. डबी त्याच्या सहापट महाग!

पुढे लायसन्स, चाचण्या, छपाईचा साचा, फोटो, प्रदर्शनाचं भाडं असा वर्षाचा ठोक खर्च 60,000 धरला. 3,000 डब्या विकल्यात तर डबीमागे 20 रुपये, म्हणजे डबी 60.80 ला पडली. 1,000 च विकल्यात तर डबीमागे 60 रुपये, म्हणजे 100.80.

किंमत 150 रुपये ठेवली आणि मालवणच्या बाजारातल्या दुकानदाराने 35 टक्के मार्जिन घेतलं, की तुमच्या हातात 97.50. (जीएसटी सध्या बाजूला ठेवलाय.) 3,000 डब्यांवर प्रत्येकी 36.70 सुटतात. 1,000 डब्यांवर प्रत्येकी 3.30 खिशातून जातात. बाम तोच, मुठेल तेच.

अजून एक गोष्ट या हिशोबातून दिसते आणि ती कुणी सांगत नाही. 3,000 डब्यांना मुठेल लागलं फक्त 18 किलो. म्हणजे साधारण 120 किलो बी, दोन-तीन पोती. तेव्हा ‘आम्ही कोकणातला कोकम-कचरा वाचवतो’ असं लेबलवर छापायच्या आधी थांबा. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने 2024 मध्ये खोट्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दावा केलात तर पुरावा हवा. ‘कोकमाच्या उरलेल्या बियांपासून काढलेलं तेल’ एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. तसंच ‘सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम’ला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

मग पपईचं काय?

मालवणी घरात मटण मऊ व्हायला कच्ची पपई वाटून लावतात. तिच्या चिकात पपेन असतं, प्रथिनं तोडणारी कात्री. मटणाला जे करतं तेच ते तुमच्या कातडीवरच्या मृत थराला करतं, म्हणून ‘एन्झाइम पील’ नावाने ते विकलं जातं. पण कात्रीला मेलेली कातडी आणि जिवंत कातडी यातला फरक नेमका कळत नाही. किती वेळ, किती ताकदीचं, हे मोजलेलं असावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये परवानगीशिवाय विकली जाणारी पपेनची मलमं बाजारातून काढायला लावली, कारण गंभीर ॲलर्जीच्या तक्रारी आल्या होत्या. रबराच्या चिकाची ॲलर्जी असलेल्यांना पपेनही बाधू शकतं.

एका ताईंनी मला फोन करून विचारलं होतं, पपईचा गर आणि कोरफड मिसळून बाटलीत भरू का? मी म्हटलं, ताई, दोन गोष्टी होतील. पाण्यात एन्झाइमची ताकद दिवसागणिक कमी होत जाईल, आणि त्याच पाण्यात जंतू वाढत जातील. म्हणजे जे हवं ते मरतं आणि जे नको ते जगतं. ताजा गर घरी लावून लगेच धुणं वेगळं, आणि तो बाटलीत भरून तीन महिने दुकानात ठेवणं वेगळं.

एन्झाइमचं उत्पादन करायचंच असेल तर रस्ता कोरडा आहे. ताकदीचं प्रमाणपत्र असलेली पपेन पावडर पुरवठादाराकडून घ्यायची, कोरड्या पिठात ठरलेल्या प्रमाणात मिसळायची, हवाबंद पुडीत भरायची, पाणी ग्राहकाने वापरताना घालायचं. पण पावडर हाताळताना मास्क हवाच. पपेनची धूळ श्वासात जाऊन कामगारांना दमा झाल्याची उदाहरणं आहेत. ज्या गटात चार ताई एका खोलीत बसून पुड्या भरतात, तिथे हे मी हलक्यात घेणार नाही. माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी एन्झाइम नको.

आणि सालींचं ‘बायो-एन्झाइम’, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवलेलं? ते आंबट, व्हिनेगरसारखं पाणी आहे. फरशी पुसा, बेसिन धुवा. चेहऱ्यावर नको.

लायसन्स: इथे बरेच जण अडकतात

‘घरगुती आहे, नैसर्गिक आहे, लायसन्स कशाला?’ हे चालत नाही. अंगाला लावायची वस्तू विकण्यासाठी बनवलीत की सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 लागू होतात. साबणही त्यात येतो. अर्ज सीओएस-5 मध्ये, लायसन्स सीओएस-8 मध्ये, देणारं खातं म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन. जागा, यंत्रं आणि पात्र तांत्रिक माणूस लागतो. स्वतःची जागा उभी करायची ऐपत नसेल तर ‘लोन लायसन्स’चा मार्ग आहे (अर्ज सीओएस-6): ज्याच्याकडे लायसन्स असलेला कारखाना आहे त्याच्या जागेत तुमच्या नावाने माल बनवायचा. नवीन माणसाला मी हाच सुचवतो. मुठेल तुमचं, कृती तुमची, कढई त्यांची.

नुसतं मुठेल ठोक विकायचं असेल तरी एक बारीक मुद्दा आहे. कायद्याच्या व्याख्येत प्रसाधनाचा घटक म्हणून विकायची वस्तूसुद्धा येते. खाण्याचं तेल म्हणून विकलंत तर अन्न परवाना लागतो. त्यामुळे बिलावर ‘कशासाठी’ ते स्पष्ट लिहा आणि आधी जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर छपाईची ऑर्डर देऊ नका.

लेबलवर ‘टाचांच्या भेगा बऱ्या करतो’ लिहिलंत की तो औषधाचा दावा झाला. ‘टाचांची त्वचा मऊ ठेवतो’ लिहा. बॅच नंबर, लायसन्स नंबर, घटकांची यादी, वापरण्याची मुदत, हे सगळं हवंच.

या मोसमात करायचं काम

पैसे घालू नका. 5 किलो बी नीट धुवून वाळवा, मुठेल काढा, किती ग्रॅम निघालं ते लिहा. माझा 15 किलोचा अंदाज तुमच्याकडे 11 होईल किंवा 18. त्याचा बाम करून तीन डब्या ठेवा: एक फ्रीजमध्ये, एक कपाटात, एक उन्हाच्या खिडकीत. बाम सावकाश थंड केलात तर मुठेल रवाळ होतं, म्हणून ओतल्यावर लगेच गार जागी ठेवा. दर पंधरा दिवसांनी वास, रंग, रवाळपणा लिहून ठेवा. हे पावसाळाभर चालेल. ऑक्टोबरात पर्यटक यायला लागतात आणि मग टाचा फुटायचे दिवस येतात, तोवर तुमच्या वहीत चार महिन्यांच्या नोंदी असतील. लोन लायसन्ससाठी कारखान्याच्या मालकासमोर बसाल तेव्हा तो पहिला प्रश्न हाच विचारील: टिकतो किती दिवस?