चारिकेची थैली : पायी सहलीची सामग्री आणि आरोग्य

राजगृहाहून वैशालीकडे चारिका करीत असताना भगवान बुद्धांना वाटेत काही भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे होते, कोणाच्या खांद्यावर, तर कोणाच्या कमरेवर. दान मिळत गेले तसे ओझे वाढत गेले होते. पुढे वैशालीच्या गोतमक चैत्याजवळ, ऐन हिवाळ्यात, दहिवर पडणाऱ्या रात्री भगवान उघड्यावर बसले. आरंभी एक चीवर पुरले. पहिला याम सरल्यावर थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला याम सरल्यावर तिसरे आणि पहाटे चौथे. तेवढ्याने रात्र निभावली. म्हणून भिक्खूंसाठी त्यांनी तीन चीवरांची मर्यादा घातली : दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक. पदर मोजले तर चारच भरतात.

महावग्गातील ही हकीकत आम्ही इतिहासाच्या तासाला अनेक वर्षे सांगत आलो. सामग्री किती घ्यावी हे स्वतःच्या देहावर पारखून ठरविण्याची रीत तीत आहे, हे मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आले. ते कसे, हे सांगणे आमच्यासाठी फारसे भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत अजिंठ्याची सहल निघाली होती. अजिंठा आपल्या मुलांना परका नाही. आपले वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. तेव्हा सहल पद्धतशीर व्हावी या हौसेने आम्ही गिर्यारोहणाच्या एका माहितीपत्रकावरून दोन पानी यादी उतरवून पालकांना धाडली. तीत ‘ट्रेकिंगचे बूट’ होते, ‘जर्किन’ होते, आणखी बरेच काही होते. सातवीतील एका मुलीच्या आईने, जी दुसऱ्याच्या रानात सोयाबीन सोंगायला जाते, दुकानातून उधारीवर नवे बूट घेतले. सहलीच्या सकाळीच ते प्रथम पायात चढले. व्ह्यू पॉइंटवरून लेण्यांकडे उतरताना तिच्या दोन्ही टाचा सोलल्या. लेणी तिने अनवाणी पाहिली, बूट हातात धरून. कारण ते बसमध्ये ठेवले आणि हरवले तर, ही धास्ती. त्याच दिवशी जुने, पायाला रुळलेले कॅनव्हासचे बूट घातलेली मुले चढउतार करून पुन्हा धावत होती. परतल्यावर ती माउली आम्हांला एवढेच म्हणाली, “सर, कागदावर लिहिलं होतं म्हणून घेतले.” त्या यादीवर सही आमची होती.

त्यानंतर आम्ही महावग्ग पुन्हा उघडला, तो चम्मक्खंधकासाठी. सोण कोळिविस हा गर्भश्रीमंत घरातला, तळवे कोवळे. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. भगवंतांनी त्याला एकतळी पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने उत्तर दिले, की ती मला एकट्याला नको. संघाला मिळत असेल तरच मी वापरीन. मग ती संपूर्ण संघाला मिळाली. दुसरा सोण अवंतीचा, महाकच्चानांचा शिष्य सोण कुटिकण्ण. त्याने आपल्या आचार्यांचा निरोप भगवंतांना कळविला, की अवंती-दक्षिणापथाची भूमी काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे. त्यावरून प्रत्यंत प्रदेशात अनेक तळांच्या वहाणांना अनुमती मिळाली. ज्याने उन्हाळ्यात भेगाळलेल्या वऱ्हाडी काळ्या रानातून, वाळलेल्या खुरांच्या ठशांवरून, अनवाणी वाट तुडविली आहे त्याला हा निरोप समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा पादत्राणाचा नियम आता असा : सहलीसाठी नवा बूट नको. घ्यावाच लागला तर निदान पंधरा दिवस आधी घ्यावा आणि रोज घालून शाळेत यावे. अंगठा पुढे टेकता कामा नये, कारण उतारावर पाय पुढे सरकतो. सुती मोज्यांचे दोन जोड असावेत. ओला मोजा पायात ठेवू नये. टाच चुरचुरू लागली की लाजून चालत राहू नये. तेथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आला तर तो फोडू नये. रबरी चपलेवर सपाट रस्ता निभतो, उतार निभत नाही. मुक्कामी सकाळी बूट घालण्यापूर्वी तो झटकावा. विंचवाला अशी ऊबदार जागा आवडते.

कपड्यांबाबत गोतमक चैत्याचाच धडा पुरेसा आहे. वऱ्हाडात डिसेंबर-जानेवारीत दुपारी घाम फुटतो आणि पहाटे दात वाजतात. एका जाड जर्किनाने दोन्ही वेळा साधत नाहीत. दोन सुती सदरे, एक पातळ स्वेटर आणि आजीची जुनी वाकळ किंवा शाल, असे पदर चढवावे-उतरवावे. सायंकाळी घामाने भिजलेला सदरा आधी बदलावा, मग स्वेटर घालावा. पुष्कळ मुले उलटे करतात आणि रात्रभर कुडकुडतात. कानांवर रुमाल असावा.

पाण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाण्याचे गाळणे आहे. चुल्लवग्गात कोसल देशातील दोन वाटसरू भिक्खूंची गोष्ट येते. त्यांच्यात वाद झाला; एकाजवळ गाळणे होते, दुसऱ्याने मागितले असता त्याने दिले नाही, आणि तो दुसरा भिक्खू तहानेने मृत्यू पावला. तेव्हापासून गाळणे मागणाऱ्याला ते दिलेच पाहिजे आणि गाळण्याविना प्रवासाला निघू नये, असा नियम झाला. गाळणे नसेल तर संघाटीच्या कोपऱ्याने पाणी गाळावे, अशी सोयही सांगितली गेली.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडा-भाच्यांसह वडिलांना भेटण्यास साताऱ्याहून निघाले. नवे बूट, नवे कपडे, शिदोरी, सारे काही बरोबर होते. मसूर स्थानकावरून पुढे बैलगाडीचा प्रवास; दुप्पट भाडे देऊनही गाडी स्वतः हाकावी लागली. जात कळताच पाणी कोणी देईना. वाटेत जे पाणी दिसले ते शेणामुताने घाण झालेले. शिदोरी उघडली, पण घास घशाखाली उतरेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्यामागे ती तहानही असली पाहिजे, असे आम्हांला नेहमी वाटते. म्हणून आमच्या सहलीत पाण्याची बाटली विसरलेल्या मुलाला रागावत नाही. त्याला आधी पाणी देतो.

कापडाने गाळणे अगदीच भाबडे नाही. बांगलादेशात जुन्या साडीचे कापड चारपदरी करून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. पण निम्म्यावर म्हणजे शून्यावर नव्हे. गाळलेले पाणी खळखळ उकळून, झाकून थंड करावे. उकळण्याची सोय नसेल तर क्लोरीनची गोळी वापरावी आणि पाकिटावर दिलेला वेळ थांबावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला काही घोट घ्यावेत. मुली वाटेत अडचण नको म्हणून पाणीच पीत नाहीत, हे शिक्षिकांनी आमच्या लक्षात आणून दिले. तेव्हापासून थांब्याची ठिकाणे स्वच्छतागृह पाहून ठरतात, आणि शिक्षिकांच्या थैलीत सॅनिटरी पॅड न मागता मिळतील असे ठेवलेले असतात.

जुलाब वा ऊन लागल्यास ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवावे, अर्धे अर्धे करू नये. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ऊन लागलेले मूल असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध होऊ लागले, तर त्याला काहीही पाजण्याचा प्रयत्न करू नये. सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि लगोलग दवाखाना गाठावा. साप चावल्यास घट्ट बांधणे नाही, चिरा देणे नाही, मांत्रिक तर नाहीच. तो अवयव न हलविता सरकारी रुग्णालयात न्यावे. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहळे असतात. तेथे दगड मारणाऱ्याला आम्ही पुढच्या सहलीला नेत नाही, ही एकच शिक्षा आम्ही अजून राखून ठेवली आहे.

आमची यादी आता अर्ध्या पानाची आहे. भरलेली थैली मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावी. निघण्याच्या आदल्या दिवशी वसतिगृहातील काट्यावर ती तोलली जाते. भांडारखोलीत एक कपाट सहलीसाठी ठेवले आहे. तेथून कॅनव्हासचे बूट सर्व मुलांना मिळतात, ज्यांच्या घरी बूट आहेत त्यांनाही, आणि ते पंधरा दिवस आधी वाटले जातात. माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या बुटांत मोठी मापे पुष्कळ आहेत. तीन, चार आणि पाच क्रमांकाचे जोड कमी पडतात. वापरलेले चालतील, तळ शाबूत असावा.