जुनेराचे मोल

आमच्या मानवतचे नाव कापसाच्या बाजारपेठेमुळे दूरवर गेले आहे. जिनिंगमध्ये रुई व सरकी वेगळी होते, सरकीचे तेल व पेंड निघते, हे येथील मुलांस सांगावयास नको. परंतु त्याच रुईचे वस्त्र होऊन ते जीर्ण झाले म्हणजे पुढे त्याचे काय होते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आमच्या आयाबायांनी याचे पहिले उत्तर फार पूर्वीच शोधून ठेविले आहे. विरलेली लुगडी व धोतरे थरावर थर घालून त्या वाकळ शिवतात. या विद्येस कोणी शास्त्र म्हणत नाही, आम्ही म्हणतो. कारण येथे कापडाचे कापडच राहते आणि सुईदोऱ्यावाचून दुसरा खर्च नाही.

वाकळही फाटली म्हणजे चिंध्या उरतात, व चिंध्यांचा कागद होतो. आपल्याच मराठवाड्यात दौलताबादेजवळ कागजीपुरा हे गाव आहे. हातकागद करणाऱ्या कारागिरांवरूनच त्यास हे नाव पडले. पुण्यासही १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. कृती साधी, पण कष्टाची आहे. चिंध्या निवडून, गुंड्या काढून बारीक कापतात. पाण्यात कुटून त्यांचा लगदा करितात. तो हौदात कालवून जाळीच्या साच्यावर उचलतात. पाणी गळून जो थर राहतो, तो दाबून वाळविला की कागद झाला. कापूस म्हणजे बहुतेक शुद्ध सेल्युलोज होय. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते व त्याने कागद पिवळा पडतो. सुती कागदास ती भीती नाही. आपल्या चलनी नोटांचा कागदही कापसाचाच असतो. सदऱ्याबरोबर धुतली गेलेली नोट धडकी कशी निघते, हे आता ध्यानात यावे!

मात्र प्रत्येक कुटण्याने तंतू आखूड होतो. म्हणून अंगावर घालण्याजोगे वस्त्र कागदाकडे धाडणे हा आमच्या मते अपव्ययच होय. दुसरी अडचण मिश्र कापडाची. टेरिकॉटमधील पॉलिएस्टरचा धागा कितीही कुटला तरी त्याचा लगदा होत नाही. अशी चिंधी कागदवाल्याच्या उपयोगाची नाही. तेव्हा जुनेर बोहारणीस किंवा भंगारवाल्यास देण्यापूर्वी सुती कपडे वेगळे बांधावे. ओळख पटत नसेल तर वडील माणसाच्या देखत, चिमट्यात एकच धागा धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो.