विसरणाऱ्यांच्या गोष्टी, सांभाळणाऱ्यांसाठी



या वेळचा पाठ घरातील सगळ्यांनी मिळून वाचावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या शाळेतील कितीतरी मुले आजी-आजोबांबरोबर एकाच घरात राहतात. काही घरांत आजीला नातवाचे नाव आठवत नाही. काही घरांत आजोबा भर दुपारी पिशवी उचलून ‘ऑफिसला निघालो’ म्हणतात. अशा घरात जे लोक सांभाळण्याचे काम करतात, त्यांना दुसऱ्या घरांच्या अशाच गोष्टी वाचून धीर का येतो, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

१. आधी आजार समजून घेऊ

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. ‘म्हातारचळ’ असाही शब्द आहे. दोन्हींतून असे वाटते की वय झाले की माणूस असाच वागणार, त्यात विशेष काही नाही. पण हे बरोबर नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मराठीत आपण त्याला स्मृतिभ्रंश म्हणतो.

हा शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. तिथे क्रोधातून मोह आणि मोहातून स्मृतिभ्रंश असा क्रम सांगितला आहे. आजाराचा अर्थ मात्र अगदी निराळा आहे. इथे रागाचा, स्वभावाचा किंवा पूर्वकर्माचा संबंध नाही. मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होतात आणि त्यामुळे आठवण, भाषा, दिशा, वेळ यांचे भान सुटत जाते. या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली पन्नाशीतील एका स्त्रीच्या आजाराचे वर्णन केले आणि १९१० साली त्या आजाराला त्यांचे नाव मिळाले.

भारतात किती लोकांना हा आजार असावा? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीच्या पुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख. याचा अर्थ आपल्या घरी असे कोणी असेल, तर आपण एकटे नाही. तरीही एकटेपणा वाटतो. तो का, ते पाहू.

२. औषधाच्या चिठ्ठीवर न लिहिलेले दुःख

ताप आला तर शेजारी विचारपूस करतात. पाय मोडला तर पाहुणे फळे घेऊन येतात. स्मृतिभ्रंशात तसे होत नाही. आजी दिसायला धडधाकट असते. पाहुण्यांशी दहा मिनिटे छान बोलते. पाहुणे गेल्यावर ती सुनेला म्हणते, ‘माझ्या पाटल्या तूच घेतल्यास.’ जेवून पानावरून उठते आणि गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना सांगते, ‘मला सकाळपासून कोणी जेवायला दिले नाही.’ सून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मुले मित्रांना घरी बोलवायचे टाळू लागतात. मुलगा ‘आईला काही झालेले नाही’ म्हणून विषय संपवतो.

यात सर्वांत कठीण भाग हा की सांभाळणाऱ्याला राग येतो. एकच प्रश्न विसाव्यांदा ऐकला की तोंडातून कठोर शब्द निघतो. मग रात्री त्या शब्दाचा पश्चात्ताप होतो. ‘आपण वाईट आहोत का?’ हा प्रश्न कोणाला विचारायचा? डॉक्टरांना विचारायला लाज वाटते, नातेवाइकांना सांगितले तर लोक काय म्हणतील, ही भीती असते. इथेच गोष्टी कामी येतात. आपण जे बोलू शकत नाही, ते गोष्टीतील माणूस आपल्यासाठी बोलून दाखवतो.

३. चार गोष्टी, चार धडे

*पहिली गोष्ट जपानची.* साव्हाको अरियोशी या लेखिकेची एक कादंबरी १९७२ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाली. ‘द ट्वायलाइट इयर्स’ या नावाने ती इंग्रजीत आली आहे. थोड्याच काळात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. अकिको ही नोकरी करणारी सून. सासू अचानक वारते आणि सासऱ्यांची स्मृती गेल्याचे घरच्यांच्या ध्यानात येते. गंमत अशी की ज्या सुनेला त्यांनी आयुष्यभर टोचून बोलले, तिलाच ते ओळखतात आणि पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. नवरा वडिलांची अवस्था पाहून घाबरतो. उद्या आपलेही असेच होईल, या भीतीने तो लांब राहतो. सारा भार अकिकोवर पडतो. ती चिडते, थकते, रडते, आणि शेवटी त्या म्हाताऱ्याला जमेल तितके जगवायचे, असे ठरवते.

भाषा जपानी आहे, पण घर आपलेच वाटते. या कादंबरीने जपानमध्ये घराघरांत दडवलेला विषय चारचौघांत आणला. पुढे १९८० साली तिथे अशा कुटुंबांची संघटना उभी राहिली. २००४ साली तर सरकारने या आजाराचे जुने, हिणवणारे नाव बदलून नवे नाव स्वीकारले. धडा असा: सांभाळण्याचे काम एकट्या सुनेचे नाही आणि तिचा थकवा हा तिचा दोष नाही.

*दुसरी गोष्ट हिंदी चित्रपटाची.* ‘मैंने गांधी को नहीं मारा’ हा जाह्नू बरुआ यांचा चित्रपट २००५ साली आला. अनुपम खेर यांनी त्यात हिंदीच्या निवृत्त प्राध्यापकाचे काम केले आहे. आपल्या हातून गांधीजींची हत्या झाली, असा या प्राध्यापकांचा समज होतो. मुलगी कितीही समजावून सांगते, पण पटत नाही. शेवटी घरचे लोक आणि डॉक्टर मिळून एक खोटे न्यायालय भरवतात. तिथे त्यांची बाजू ऐकून घेतली जाते.

चित्रपटात जसे घडते तसे प्रत्येक घरात घडणार नाही, हे उघड आहे. पण धडा मोलाचा आहे. रुग्णाशी वाद घालून जिंकता येत नाही. ‘पाटल्या चोरीला गेल्या’ असे आजी म्हणाली, तर ‘कोणी नाही चोरल्या’ असे ओरडण्यापेक्षा ‘चल, आपण दोघी मिळून शोधू’ म्हणावे. तिची भीती खरी आहे, मग चोरी खरी नसेना का.

*तिसरी गोष्ट मराठी.* सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या गाढ्या पंडिताचे काम केले आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या पंडितांना म्हणजे शास्त्रींना अल्झायमर झालेला आहे. मुलगी थोडा वेळ त्यांना मोटारीत बसवून जाते. रस्त्यावरून हत्ती जाताना दिसतो आणि शास्त्री त्याच्यामागून लहान मुलासारखे चालू लागतात. मुलगी वेड्यासारखी शोधत फिरते. इकडे माहुताची गरीब बायको त्यांना खाऊ घालते, त्यांची स्वच्छता करते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

आम्हांला या गोष्टीतील एक फरक विशेष महत्त्वाचा वाटतो. मुलीला पदोपदी जुने वडील आठवतात. किती विद्वान होते आणि आता काय झाले, या तुलनेत ती पोळून निघते. माहुताच्या बायकोने ते विद्वान शास्त्री कधी पाहिलेच नव्हते. तिला समोर फक्त एक भुकेला, घाबरलेला म्हातारा दिसतो. म्हणून तिला सांभाळणे सोपे जाते. आपल्याला आपल्या माणसाचा भूतकाळ विसरता येणार नाही, आणि विसरूही नये. पण दिवसातून काही वेळ तरी तुलना बाजूला ठेवून समोरच्या माणसाला आज काय हवे आहे, एवढेच पाहता येईल.

*चौथी गोष्ट इंग्लंडची, आणि ती खरी घडलेली.* आयरिस मरडॉक या मोठ्या कादंबरीकार. १९७८ साली त्यांना बुकर पुरस्कार मिळाला होता. उतारवयात त्यांना अल्झायमर झाला. त्यांचे पती जॉन बेली हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. त्यांनी पत्नीला घरीच सांभाळले आणि त्या दिवसांवर १९९८ साली पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी आयरिस वारल्या. २००१ साली त्यांच्या जीवनावर ‘आयरिस’ हा चित्रपट निघाला. ज्या बाईंनी तत्त्वज्ञान शिकवले, त्या शेवटी पतीशेजारी बसून लहान मुलांचा दूरदर्शन कार्यक्रम पाहत असत. बेलींनी आपली चिडचिड आणि आपला संताप पुस्तकात लपवलेला नाही. त्याबरोबरच एकमेकांजवळ बसण्यातला आनंदही लिहिला आहे.

या पुस्तकावर टीकाही झाली. पत्नी हयात असताना तिची अशी अवस्था जगापुढे मांडावी का, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आपणही आजीच्या फजितीचे किस्से चारचौघांत हसण्यासाठी सांगू नयेत, तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवू नये. सांभाळण्याची गोष्ट सांगावी, पण ज्याची गोष्ट आहे त्याचा मान राखून.

४. गोष्ट काय देते आणि काय देत नाही

गोष्ट आजार बरा करत नाही. ती तीन गोष्टी करते. एक, ‘असे फक्त आपल्याच घरी होते’ हा गैरसमज घालवते. दोन, राग आणि माया एकाच मनात राहू शकतात, हे दाखवते. तीन, दुसऱ्याने काय केले ते पाहून आपल्याला एखादी युक्ती सुचते.

पण गोष्टीवर थांबू नये. विसरभोळेपणा दिसला की आधी डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, उदासीनता किंवा काही औषधे यांमुळेही स्मृती कमी होते, आणि त्यावर उपचार होऊ शकतात. अल्झायमर बरा करणारे औषध आज नाही, मात्र त्रास कमी करणारे उपाय आहेत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून अशा कुटुंबांसाठी काम करते आणि हैदराबादेतही तिची शाखा आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही शासनाची हेल्पलाइन आहे. सांभाळणाऱ्याचे स्वतःचे मन फार खचले असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर बोलता येते.

५. आपली मराठी आणि आजीची मराठी

हैदराबादच्या आपल्या घरांत एक गोष्ट वेगळी आहे. निजामकाळात उर्दू माध्यमात शिकलेली, बाजारात दखनी आणि तेलुगू बोलणारी, घरात मात्र मराठी असणारी पिढी आपण पाहिली आहे. याच शहरात निजाम आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘निम्स’मध्ये, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक आढळला.

दुसरी गोष्ट आणखी जवळची. मागाहून शिकलेली भाषा आधी विसरली जाते आणि लहानपणची भाषा बराच काळ टिकते, असे अनेक रुग्णांत दिसते. म्हणजे एक दिवस आजीला तेलुगू बोलणारी शेजारीण काय म्हणते ते कळणार नाही, इंग्रजीत बोलणारा नातूही परका वाटेल. तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचायची वाट मराठीच असेल. मुलांनो, तुम्ही शाळेत मराठी शिकता ती परीक्षेपुरती नाही. आजीच्या हातावर हात ठेवून तिच्या गावाची गोष्ट तिलाच मराठीत सांगणे, ही शुश्रूषाच आहे. ती गोष्ट तिनेच तुम्हांला पूर्वी सांगितलेली असेल. आता ती आठवणीत ठेवायची पाळी तुमची.

६. चर्चा आणि उपक्रम

१. वरील चार गोष्टींपैकी कोणती गोष्ट तुम्हांला सर्वांत जवळची वाटली? का?

२. ‘सांभाळण्याचे काम एकट्याचे नाही.’ तुमच्या घरात हे काम कोण करते? त्या व्यक्तीला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत म्हणून तुम्ही काय करू शकाल? घरच्यांबरोबर बसून ठरवा.

३. पुढील प्रसंगी काय बोलाल ते लिहा: (अ) आजोबा म्हणतात, ‘मला माझ्या घरी जायचे आहे.’ (आ) आजी तुम्हांला तुमच्या बाबांच्या नावाने हाक मारते.

४. आजी किंवा आजोबांना विचारून त्यांच्या लहानपणीच्या पाच आठवणी एका वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. गाव, शाळा, मित्र-मैत्रिणी, आवडता पदार्थ, एखादा सण, काहीही चालेल. जमल्यास शेजारी जुने फोटो चिकटवा. त्यांची स्मृती आज उत्तम असली, तरी हे काम पुढे ढकलू नका. वही घरातच ठेवा, शाळेत आणायची गरज नाही. पुढे कधी ती आजीला वाचून दाखवावी लागली, तर घरातल्या प्रत्येकाला तिची जागा ठाऊक असू द्या.