आठ मोजा, मग नाचा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं लेखी मराठी थोडं कच्चं आहे, चुकांबद्दल आधीच सॉरी. विषय मात्र पक्का आहे: डान्स कार्डिओचा अवघड वर्कआऊट आपल्या रूमवरच कसा शिकायचा. आणि त्या नादात माझ्याकडून झालेली एक मोठी चूकही सांगायची आहे.

आधी थोडी माहिती. १९६८ साली अमेरिकेतल्या डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन यांनी त्या व्यायामाला नाचाची जोड दिली. १९९० च्या दशकात कोलंबियाच्या बेतो पेरेझ यांनी झुंबा सुरू केला. तत्त्व एकच: मोठे स्नायू न थांबता हलते ठेवायचे, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मजबूत होतात.

मागच्या एप्रिलमध्ये मी मोबाईलवर अर्ध्या तासाचा 'ॲडव्हान्स' व्हिडिओ लावला. तिसऱ्या मिनिटाला माझे हात उत्तरेला आणि पाय दक्षिणेला! माझी रूममेट भामरागडकडची, माडिया. ती कॉटवर बसून हसत होती. म्हणाली, "तू नुसती बघून बघून नाचून राहिली. आधी पाय तर बसू दे." ती लहानपणी रेला शिकली ती मोठ्या मुलींच्या रांगेत, हातात हात गुंफून. कुणी समजावून सांगत नाही. तीच साधी पावलं पुन्हा पुन्हा टाकायची. डोक्याला न विचारता पाय पडायला लागले, की मग वेग. तिचं ऐकून मी जी पद्धत बसवली, ती अशी:

१) व्हिडिओ आधी बसून बघा. ठोके आठ-आठने मोजा. बहुतेक वेळा चार आठ मिळून ३२ ठोक्यांचा एक तुकडा होतो. मोठा प्रोग्राम आपण फंक्शनमध्ये तोडतो ना, तसंच.

२) हात कमरेवर, फक्त पाय. पहिला आठ निम्म्या वेगाने करा. तो जमला की दुसरा, मग दोन्ही जोडून, मग तिसरा.

३) हात त्यानंतर, आणि उड्या सगळ्यात शेवटी. तोपर्यंत उडीच्या जागी साधं पाऊल टाका. एक पाय कायम जमिनीवर असला की गुडघ्यांना धक्का कमी बसतो, आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही येत नाही!

४) शिकवणारी आपल्याकडे तोंड करून असेल, तर ती आरशासारखं करते की नाही ते आधी बघून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच होतो.

५) सुरुवातीला पाच-सात मिनिटं वॉर्मअप, शेवटी तेवढाच वेळ हळूहळू चालणं. नुसते मोजे घालून फरशीवर नाचू नका, पाय घसरतो. बूट घाला. उन्हाळ्यात पहाटेच करा, पाणी जवळ ठेवा.

दम किती लागावा? २२० मधून वय वजा केलं की नाडीची कमाल मर्यादा अंदाजे कळते. विसाव्या वर्षी ती २००. मध्यम व्यायामात नाडी १०० ते १४० असावी. १५ सेकंद मोजून चारने गुणा. त्याहून सोपी खूण म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बस्स.

आता माझी चूक. पंधरा दिवसांत मला सगळे तुकडे जमले आणि डोक्यात हवा गेली. रूममेट माझ्याबरोबर दहा मिनिटं करून थांबायची, पाणी प्यायची. मी तिला आळशी म्हणायचे. एका संध्याकाळी चंद्रपूरचा उकाडा, पंख्याची गरम हवा, आणि मी तिला बसूच दिलं नाही. "अजून पाच मिनिटं, अजून पाच!" रात्री तिचे हातपाय आणि कंबर इतकी दुखायला लागली की ती रडत होती. दवाखान्यात सलाईन लागली तेव्हा मला कळलं, तिला सिकलसेल आहे. सांगितलं की सगळे 'बिचारी' म्हणतात, म्हणून ती गप्प होती.

या आजारात शरीरातलं पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि भयंकर वेदना होतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बऱ्याच घरांत आहे. जे फक्त वाहक असतात त्यांना सहसा त्रास नसतो, पण कडक उन्हाळ्यात पाणी न पिता अति श्रम केले तर त्यांनाही धोका असतो. सरकारी दवाखान्यात याची रक्त तपासणी होते. वर्कआऊट सुरू करण्याआधी ती करून घ्या. आजार असेल तर किती करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

ती आता बरी आहे. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "आमच्या रांगेत एखादी दमली तर सगळी रांग हळू होते. तिला कुणी ओढत नाही."

आता आम्ही तिघीजणी पहाटे करतो. आठ ती मोजते. ती थांबली की आम्ही दोघीही थांबतो, पाणी पितो.