कपाटाची किल्ली मागून घे

अगं, काल रात्री तुझा फोन मध्येच तुटला. पाड्यावरची रेंज कशी असते ते मला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लावत बसले नाही. पण तू विचारलेलं डोक्यातून जाईना. ग्रामपंचायतीनं शाळेला टीव्ही दिलाय, दोन टॅब आलेत, आणि तू म्हणालीस, "ताई, कुठलं ॲप चांगलं ते सांग, सोमवारपासून मी सगळं डिजिटल करते." तुझा उत्साह बघून बरं वाटलं. एकवीस वर्षं मी या वर्गांत काढली, त्यातलं तुला उपयोगी पडेल ते मनापासून सांगते. ॲपचं नंतर बघू.

आधी मला सांग, तो टीव्ही आत्ता कुठे आहे? ऑफिसातल्या कपाटात ना? मला वाटलंच.

मी चौथीत असताना आपल्या गावच्या शाळेत टीव्ही होता. लाकडी पेटीत, पुढे सरकती दारं आणि त्यांना कुलूप. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली होती, मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम व्हायचे. आम्ही ते दोनदा-तीनदा पाहिले असतील, तेही साहेब येणार म्हणून पेटी उघडली तेव्हा. पुढे मी नोकरीला लागले त्या शाळेत खडू-फळा मोहिमेतली विज्ञानपेटी सापडली. ती मोहीम १९८७ ची. पेटी उघडली तर भिंगावरचा पातळ कागदसुद्धा निघालेला नव्हता. किती वर्षांची पोरं त्या भिंगातून मुंगी न बघताच शाळेतून गेली, हा विचार आला आणि मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

म्हणून सांगते, किल्ली मागून घे. हेडमास्तरांशी वाद घालू नकोस. त्यांना पोरांचं वाईट करायचं नसतं, डेडस्टॉक रजिस्टरची धास्ती असते. वस्तू मोडली तर भरपाई कोण देणार, ही काळजी त्यांच्या जागी तुलाही वाटली असती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढ, वर्गात वापरताना वस्तू बिघडली तर दुरुस्ती समिती बघेल असा ठराव लिहून घे. कागद हातात आला की मोठी माणसं निर्धास्त होतात. आणि टीव्ही तिसरी-चौथीच्या वर्गातच भिंतीला लावून टाका. रोज काढायचा-ठेवायचा म्हटलं की आठवड्यात कंटाळा येतो.

आता माझी चूक सांगते.

२०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि त्यानंतर सगळीकडे डिजिटल शाळांचं वारं आलं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव जो तो घेत होता. आम्हीही गावातून वर्गणी काढली, प्रोजेक्टर घेतला. पत्र्याच्या फटींतून ऊन यायचं म्हणून मी माझी जुनी काळी इरकल खिडकीला लावली. बी कसं रुजतं ते कार्टूनमधून दाखवलं, मागे गाणं, रंगच रंग. पस्तीस पोरं, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, जिंकलं! दुसऱ्या दिवशी विचारलं, बी रुजताना आधी काय बाहेर येतं, मूळ की कोंब? कुणालाच सांगता येईना. एक मुलगी म्हणाली, "बाई, त्यातलं गाणं लय भारी होतं."

तेव्हापासून मनाशी धरलंय. पडद्यासमोर मूल गप्प बसलं म्हणजे ते शिकतंय असं नसतं. ते बघत असतं, एवढंच. पडदा बंद केल्यावर ते काय विचारतं, काय करून बघतं, कशावरून शेजारच्याशी भांडतं, त्यावर माझं लक्ष असतं. पाच मिनिटं दाखव आणि बंद कर. मधेच थांबवून "आता पुढे काय होईल?" असं विचारलंस तर आणखी चांगलं. पोरं पैजा लावतात, आणि मग पुढचं बघताना डोळे वेगळेच असतात.

त्याच पाठाचं पुढच्या वर्षी मी काय केलं ते ऐक. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद गुंडाळला, काच आणि कागद यांच्यामध्ये मटकीचे चार दाणे अडकवले. समोर दोन विटा ठेवल्या, त्यावर माझा फोन टेकवायचा. विटांच्या जागेवर खडूनं खूण केली, म्हणजे रोज फोटो त्याच ठिकाणाहून निघेल. परिपाठ झाला की एकेका मुलानं एक फोटो काढायचा. आठ दिवसांचे आठ फोटो. तिसऱ्या दिवशी चौथीतला एक मुलगा ओरडला, "बाई, शेपटी खाली चाललीय!" ग्लास आडवा केला तर शेपटी वळून पुन्हा खाली! हे काही मी शिकवलं नव्हतं, पोरांनीच करून बघितलं. नवव्या दिवशी ते फोटो भिंतीवर भराभर एकामागून एक दाखवले तेव्हा टाळ्या वाजल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला डिजिटल पाठ. ॲप नव्हतं, इंटरनेट नव्हतं. फोन होता, मटकी होती, आणि रोज आपली पाळी कधी येते याची वाट बघणारी पोरं होती.

तुझ्याकडे पडद्याचं खरं काम कुठे आहे तेही बघ. जव्हारकडच्या त्या डोंगरातल्या लहानग्यांनी समुद्र पाहिला नसेल, बर्फ तर नाहीच. धडधडणारं हृदय फळ्यावर काढता येत नाही. तिथे दाखव, जरूर दाखव. पण नांगर, नाचणी, पाऊस, खेकडा यांचे व्हिडिओ दाखवू नकोस गं. ते दाराबाहेर आहे, आणि त्यातलं पोरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

गणित-विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' नावाचं साहित्य आहे, फुकट आहे, बरंचसं मराठीतही मिळतं. अपूर्णांक, तराजू, विजेचं सर्किट, सगळं बोटानं हलवून बघता येतं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. मात्र अपूर्णांक शिकवताना आधी भाकरी मोड. खरी. चार जणांत वाटून दे, मग कागदाच्या घड्या घाल, मग टॅब हातात दे. ज्यानं पाव भाकरी हातात धरली नाही त्याला पडद्यावरचा पाव भाग म्हणजे नुसता रंगीत तुकडा वाटतो.

आता तुझ्या मनातली खरी अडचण. तू म्हणालीस, पहिलीची पोरं बोलतच नाहीत, मान खाली घालून बसतात. अगं, ती घरी वारली बोलतात, कोकणा बोलतात, आणि तू आपली देशावरची मराठी बोलतेस. त्यांच्या कानाला ती परकी लागणारच. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. सगळ्यांच्या लक्षात त्यांचे पुस्तकातले क्यूआर कोड राहिले. मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्यांच्या मुलांची घरची भाषा कन्नड, तर गुरुजी आधी कन्नड शिकले आणि धडे त्या भाषेत आणले. कोड चिकटवणं कुणालाही जमेल. तो कोड उघडल्यावर मुलाला आपल्या आईची भाषा ऐकू आली पाहिजे, ते खरं काम.

तुला कोड करायची गरज नाही. फोनवर आवाज रेकॉर्ड करायचं बटण आहे ना, तेवढं पुरे. पाड्यावरच्या एखाद्या आजीला शाळेत बोलव, चहा दे, गोष्ट सांगायला लाव आणि रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी वर्गात लाव. नातवंडं कशी खुलतात बघ! मग एकेक शब्द विचार, त्यांच्याकडून शिकून घे, फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिही. ज्या दिवशी तू चुकीचा उच्चार करशील आणि ती हसून तुला दुरुस्त करतील, त्या दिवशी त्यांच्या माना वर येतील.

वाचनालाही हेच. माझ्याकडे तिसरीत एक मुलगी होती, मोठ्यानं वाच म्हटलं की ओठ नुसते हलायचे. तिला फोन देऊन व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाठवलं, म्हटलं, वाच आणि तुझं तूच ऐक, नको वाटलं तर पुसून टाक. पाच वेळा पुसलं तिनं. सहाव्यांदा फोन घेऊन आली आणि माझ्या कानाला लावला, स्वतः मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खारीच्या गोष्टीतल्या चार ओळी होत्या, एकही शब्द गाळला नव्हता. असं पाच वेळा चुकायची मोकळीक पस्तीस पोरांसमोर तिला मी कधीच देऊ शकले नसते. फोननं ती दिली.

तुझी शाळा द्विशिक्षकी, म्हणजे तुझ्यापुढे एका वेळी दोन वर्ग. टॅबचा खरा उपयोग तिथे. पहिलीला अक्षरं गिरवून घेत असशील तेव्हा दुसरीच्या चौघांनी टॅबवर कविता ऐकायची आणि ऐकून एक चित्र काढायचं. हातात पाटी-पेन्सिल हवीच, नाहीतर दहाव्या मिनिटाला गेम सुरू झालेला असतो. गट चारचाच ठेव, आणि टॅब कुणाच्या हातात ते रोज बदल. नाहीतर धीट मुलं धरून बसतात आणि मुली मागून माना उंच करून बघतात. हे मी खूप शाळांत पाहिलंय, मला ते सहन होत नाही.

साहित्यासाठी वणवण करू नकोस. 'दीक्षा' २०१७ च्या शिक्षक दिनापासून आहे, बालभारतीच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला की त्या पाठाचं तिथे मिळतं. सगळंच चांगलं नाही, आधी स्वतः बघ आणि मगच मुलांना दाखव. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ आहेत. 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' तर खजिना आहे, मराठी गोष्टी फुकट, छापूनही घेता येतात. शनिवारी जव्हारला बाजाराला जाशील तेव्हा रेंज असते, तिथेच आठवड्याचं उतरवून पेनड्राइव्हमध्ये भरून ठेव. वर्गात गोल-गोल फिरणारं चक्र बघत पोरं बसली की तास हातचा गेला. लाइट गेली तर काय करायचं, हे टाचणात रोज लिहून ठेव.

चॅटजीपीटीसारखं काही वापरून प्रश्नपत्रिका काढत असशील तर काढ, वेळ वाचतो. पण प्रत्येक ओळ वाच. ते चुकीचं उत्तरही इतक्या सफाईदार मराठीत देतं की खरंच वाटावं.

घरच्या अभ्यासाला मात्र फोन लावू नकोस. कोरोनात आपण सगळ्यांनी ते भोगलंय. घरात एक फोन, तो बापाबरोबर सकाळीच कामावर जायचा. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून रोज लिंक यायची, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं शेतावर राखणीला. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी तर वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. मला तेव्हा कळलं, मूल जिथे उभं असतं तिथे आपण जायचं असतं. ज्याच्या घरी फोन नाही त्याला वर्गात खाली बघायला लागेल असा गृहपाठ देऊ नकोस.

आणि फोटो. हे तुझी बहीण म्हणून कळकळीनं सांगते. वरून रोज फोटो मागतात, गटावर टाका म्हणतात, ते मला माहीत आहे. पण मुलींचे जवळून काढलेले चेहरे, नाव, पाडा असं सगळं मिळून कुठेही टाकू नकोस, स्टेटसला तर मुळीच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलंय. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. काम दाखव, हात दाखव, ग्लासातली मटकी दाखव. पालकांच्या गटावर रात्री आठनंतर उत्तर देऊ नकोस, पहिल्या महिन्यातच सवय लावलीस तर पाळतात.

ऑनलाइन माहिती भरायचं काम येतच राहणार, यूडायस काय, पोषण आहार काय. ते मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर. तास चालू असताना तू फोनमध्ये बघितलंस तर ते मेसेज आहेत की सरकारी काम, पोरांना काय कळणार? त्यांना एवढंच दिसतं की बाई आपल्याकडे बघत नाहीत.

शेवटचं, पैशाचं. तुला शिक्षणसेवक म्हणून महिना १६ हजार मिळतात, त्यातून खोलीभाडं आणि गाडीचं पेट्रोल. स्पीकर, केबल, मेमरी कार्ड स्वतःच्या खिशातून आणू नकोस. मी सुरुवातीला आणायचे, आणि मग मोडलं की पोरांवर चिडायचे. माझा जुना स्पीकर चांगला वाजतो, इथे नवा आलाय. टीव्हीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही म्हणालीस ना, त्याला तो जोडता येईल. आईबरोबर पाठवते, ती गुरुवारच्या एसटीनं निघतेय. पिशवीत पाव किलो मटकीही टाकलीय, गावठी आहे, पटकन रुजते. टिपकागद मात्र तुला जव्हारातच बघावा लागेल, नाही मिळाला तर सुती फडकं चालतं.