पेशीच्या नाक्यावर

2021 साली गोव्यातल्या पंचायतींमधून 'टीका उत्सव' झाले, तेव्हा लसीबरोबर एक अफवाही फिरत होती: लस घेतली की माणसाचा डीएनए बदलतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यात का पडावं? कारण प्रश्न मजकुराचा आहे. कुठला मजकूर कुठे पोचतो आणि तिथे त्याचं काय होतं, हे कळलं की अफवेला नेमकं उत्तर देता येतं.

आपला बहुतेक सगळा डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असतं. त्याबाहेर पेशीद्रव्य आणि तिथे प्रथिनं बनवणारे रायबोझोम. म्हणजे मूळ ग्रंथ आत, काम करणारे हात बाहेर. दोघांमधली ये-जा पटलातल्या रंध्रांतून चालते. एका केंद्रकावर अशी हजारो रंध्रं असू शकतात. प्रत्येक रंध्र सुमारे 30 प्रकारच्या प्रथिनांचं बनलेलं असतं.

पेडण्यातला पत्रादेवीचा नाका किंवा डिचोलीहून जाताना लागणारा दोडामार्गचा नाका आठवा. चालत जाणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, मालाच्या ट्रकला मात्र कागद दाखवावे लागतात. रंध्राचंही तसंच. पाणी, क्षार, एटीपी असे लहान रेणू सहज आरपार जातात. साधारण 40 किलोडाल्टनपेक्षा मोठ्या प्रथिनाला परवाना लागतो, आणि तो त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो: बहुधा लायसिन आणि अर्जिनिन या अमिनो आम्लांचा छोटा पुंजका. 'इम्पोर्टिन' नावाचं प्रथिन हा परवाना ओळखतं आणि माल आत नेतं. बाहेर नेणारं ते 'एक्सपोर्टिन'. त्याचा परवाना वेगळा. प्रथिनाने पेशीत कुठे जायचं याची खूण त्याच्यातच असते, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं.

पण इम्पोर्टिनला आपण आत पोचलो हे कळतं कसं? इथे 'रान' नावाचं छोटं प्रथिन कामाला येतं. केंद्रकात ते जीटीपी धरून असतं; बाहेर आलं की त्या जीटीपीचं जीडीपी होतं. आत रान-जीटीपी इम्पोर्टिनला चिकटतं आणि माल सुटतो. एक्सपोर्टिनचं उलट: रान-जीटीपी सोबत असेल तरच ते माल उचलतं, बाहेर जीटीपी मोडला की सोडतं. रंध्र कोणाला ढकलत नाही. दोन बाजूंच्या या फरकावरून दिशा ठरते.

डीएनएवरून उतरवलेली एम-आरएनएची नक्कलही तशीच बाहेर जात नाही. एका टोकाला टोपी, दुसऱ्या टोकाला शेपूट, मधले नको ते तुकडे कापलेले, असं संपादन झाल्यावरच तिला सोडलं जातं.

आता लस. गोव्यात बहुतेकांना मिळाली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड. 'लस केंद्रकात जातच नाही' हे उत्तर एम-आरएनए लसींना लागू पडतं, कोविशील्डला नाही. तिच्यात चिंपांझीतला, पण शरीरात वाढू न शकणारा ॲडिनोविषाणू असतो. रंध्रापाशी त्याचं कवच फुटतं आणि त्याचा डीएनए आत जातो. तिथे एम-आरएनए तयार होतो, तो बाहेर येतो, आणि रायबोझोम त्यावरून करोनाचं काटा-प्रथिन बनवतात. ते पाहून आपली प्रतिकारशक्ती तयार होते.

मग डीएनए बदलला का? नाही. आपल्या गुणसूत्रात स्वतःला जोडून घेणारं एन्झाइम या विषाणूकडे नसतं. त्याचा डीएनए बाजूला सुटा राहतो आणि त्या पेशीबरोबर संपतो. ग्रंथालयात सुटा कागद ठेवणं वेगळं आणि ग्रंथात नवं पान शिवणं वेगळं.

'आत काहीच जात नाही' असं सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण उद्या कोणी खरी माहिती वाचली, तर तो आपल्याला खोटं ठरवील आणि पुढची लसही नाकारील. म्हणून घरी कोणी विचारलं तर पूर्ण सांगा: आत जातं, वाचलं जातं, पण ग्रंथात शिवलं जात नाही.