चित्रांच्या भांडाराला कूलर नको

नागपुरात उन्हाळा आला की कूलर लागतो, आणि चित्रांचा घात बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. एका संस्थेच्या कलाभांडारात मी मे महिन्यात पाहणीला गेलो होतो. कर्मचाऱ्यांची तगमग होऊ नये म्हणून खिडकीत कूलर बसवलेला. बाहेर पंचेचाळीस अंशांचं कोरडं ऊन, आणि आत कूलरच्या ओलसर हवेनं समोरचे कॅनव्हास सैल पडून पोक आलेले, जलरंगातल्या चित्रांवर बुरशीचे ठिपके. पलीकडे लोकांसाठी केलेला चौक खरोखर देखणा होता, पण भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे आणि त्यांना रोज भरपूर पाणी. त्याच भिंतीतून ओल चढली आणि तिच्यामागून वाळवी लाकडी रॅकपर्यंत पोचली.

म्हणून चौक नको, असं मी म्हणणार नाही. संग्रहालयं आपल्याला नवी नाहीत: अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासून आपल्याकडे आहे. पण कुठल्याही संग्रहालयात दालनात दिसतं त्याहून कितीतरी अधिक भांडारात पडून असतं. ते लोकांच्या नजरेला यावं म्हणून रॉटरडॅममध्ये 2021 साली एका संग्रहालयानं आपलं सगळं कलाभांडारच सर्वांना खुलं केलं. आपणही करावं, मात्र आपल्या हवेचा विचार करून.

वाड्याची नक्कल करू नका. वाड्यात चौक मधोमध असतो आणि चारही बाजूंच्या छपरांचं पाणी त्यात उतरतं. राहत्या घराला ते शोभतं. इथे मांडणी उलटी हवी: मधे भांडार, त्याच्या चारही अंगांना रुंद पडवी, आणि पडवीच्या बाहेर चौक. ऊन आणि झड पडवीनं अंगावर घ्यायची. लोकांनी तिथे बसावं, काचेतून चित्रं दुरुस्त होताना पाहावीत. चौकाचा उतार इमारतीपासून दूर जाणारा ठेवा, झाडं लांब लावा.

काळ्या मातीवर पाया टेकवू नका, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. खालच्या मुरमापर्यंत जा. तळघर तर नकोच. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. भांडाराच्या डोक्यावरून नळ किंवा संडासाची पाइपलाइनही नेऊ नका.

खरी परीक्षा जूनमध्ये असते. मेमधली रखरखीत हवा पहिल्या पावसानंतर एकदम दमट होते आणि लाकूड, कागद, कॅनव्हास सगळ्यांवर ताण येतो. जाड भिंती, दुहेरी छप्पर आणि एकामागे एक दोन दारं असली की हा बदल आत हळूहळू पोचतो. कर्मचाऱ्यांची बसायची खोली वेगळी काढा, कूलर तिथे लावा. उद्घाटनाची घाई मात्र करू नका: नवं काँक्रीट आणि गिलावा कितीतरी महिने ओल सोडत राहतात. एक उन्हाळा, एक पावसाळा रिकाम्या भांडारात आर्द्रतामापक ठेवून रोज नोंद घ्या, आकडे स्थिरावल्यावरच पहिलं चित्र आत न्या.